रात्री पाणी काढा

दिवाळी उलटली की कवडू मिस्त्री
परतवाड्याहून सायकलीनं येतो,
कॅरिअरला पान्यांची पिशवी.
आल्या आल्या गाडीच्या नाकावर हात ठेवतो,
बैलाच्या ठेवावा तसा.
"आली थंडी. आता पाह्य हिचे नखरे."

ही म्हणजे शक्तिमान.
पुलगावच्या लिलावात घेतली
तेव्हा हिरव्याखाली आणखी एक हिरवा निघाला.
नंबरातला वर पाहणारा बाण
पत्रा घासघासून झिजला, बाण गेला नाही.
आणि काट्याच्या घड्याळाखाली,
पांढऱ्या रंगात, ठशानं उमटवलेलं :
रात को पानी गिराओ.

कोणत्या रात्री, कोणत्या डोंगरावर,
कोणी कोणाला सांगितलं
ते गाडीच्या कागदांत नाही.

मोतीलाल कास्देकरनं पहिल्यांदा वाचलं
तेव्हा तो नवाच लागला होता कामाला.
"कायले काढाचं पाणी?"
मिस्त्री म्हणाला, "तिकडं गोठते.
गोठलं की फुगते.
फुगलं की लोखंड फुटते."
मोतीलाल खूप हसला.
मग बराच वेळ माठाकडे बघत बसला.

जाड ऑइल काढायचं, पातळ भरायचं.
निघालेलं काळं, पाकासारखं तार धरणारं,
कुंपणाच्या खांबांना फासतो,
वाळवी लागत नाही.
बॅटरीच्या टोकांवर हिरवट बुरशी,
तिला गरम पाणी आणि खायचा सोडा,
वरून व्हॅसलीन :
तीच डबी रात्री टाचांच्या भेगांना.
डिझेलच्या फिल्टरातून
वाटीभर पाणी निघालं यंदा.
मग हातपंप दाबत राहायचं.
"गेली का हवा?"
"नाही अजून."
"आता?"
"बुडबुडे येते."
"दाब."

रेडिएटरच्या तोंडावर तुरीचं पोतं,
खरेदी-विक्री संघाचा शिक्का बाहेरच्या बाजूनं,
सुतळीनं चार जागी बांधलेलं.
संध्याकाळी बांबू उतरवून आलो
की गाडी उतारावर, तोंड रस्त्याकडे,
चाकाखाली बाभळीचा ओंडका.
सेल्फ रुसला तर ओंडका काढायचा, बस.

आणि रात्री पाणी काढायचं.

इथं फार तर आठ अंश. सात.
लोखंड फुटावं असं काही घडत नाही.
एकदा विचारलं कवडूला,
"नाही काढलं तं चालते का?"
त्यानं फडक्याला हात पुसले,
एकेक बोट, सगळी दहा.
"चालते," म्हणाला.
"पण कोणीतरी लिहून ठेवलं हाय ना, बावा."

ते गरम पाणी गंजानं तांबूस, लोखंडाच्या वासाचं.
त्यानं अंघोळ होत नाही.
मोतीलाल बादलीत पाय सोडून बसतो,
दिवसभर बांबूच्या रानात फिरलेले.

पहाटे चारला चुलीवर दुसरं पाणी चढतं.
घमेल्यात निखारे, चेंबरखाली हात-दीड हात,
जवळ नाही, लांब नाही,
मी उकिडवा बसून राखतो.
पाणी आत जातं, गाडी घटाघट पिते.
पहिला सेल्फ : कण्हणं.
दुसरा : खोकला, पांढरा धूर,
त्यात मिस्त्री दिसेनासा होतो, फक्त शिव्या ऐकू येतात.
तिसऱ्याला कधी लागते, कधी नाही.

एका डिसेंबरात चिखलदऱ्याच्या नाक्यावर रात्र काढावी लागली.
पाणी काढलेलं होतं, सवयीनं.
सकाळी मोतीलालनं हाक मारली,
आवाज दबका, कोणी झोपलं असावं तसा.
बादलीवर साय धरली होती.
दुधासारखी, पण काचेची.
त्यानं बोटानं टोक उचललं, उन्हाकडे धरलं,
पलीकडचा डोंगर त्यातून पाहिला,
मग ती चकती नेऊन बॉनेटवर ठेवली.
"मामा," म्हणाला, "हे गाडीच्या गावचं हाय."

विरघळेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
उशीर झाला, नाक्यावरचा गार्ड बडबडला.

त्या दिवशी ती पहिल्या सेल्फात लागली.
कवडूला सांगितलं तर म्हणाला,
बॅटरी नवी होती.